मोटरीचं तोंड पूर्वेला

सदाशिव कुलकर्णींच्या ऑफिसात कुठलीही वस्तू कॉम्प्युटरवर उघडली की आधी तिचं तोंड पूर्वेला करायचं, असा नियम होता. पंपाची बॉडी असो, भट्टी असो, नाहीतर गाडीचा चार्जर असो. गिऱ्हाइकानं फाइल कशीही आडवीतिडवी पाठवलेली असली तरी ती इथं आली की डोकं वर, तोंड पूर्वेला अशी नीट ठेवायची आणि मगच तिच्यातल्या उष्णतेचं काय होतं ते बघायला घ्यायचं. रिपोर्टात छापायचं चित्रसुद्धा वरच्या बाजूनं, आग्नेयेकडून बघितल्यासारखंच काढायचं. वाळूजमधली बाकीची मंडळी यावर हसायची. "कुलकर्णी सरांच्यात पंपालासुद्धा वास्तुशास्त्र लागतं," म्हणायची.

सरांना याचा राग येई. त्यांचं म्हणणं, हे वास्तुबिस्तु काही नाही, ही शिस्त आहे. त्यांचं पहिलं काम होतं जालन्याच्या एका बियाण्यांच्या गोदामाचं. त्यात सूर्य कुठून कुठं जातो याला महत्त्व होतं, म्हणून पूर्व धरावी लागली. पुढं गोदामं गेली, पंप आले, सूर्याचा संबंध संपला, पूर्व राहिली. एकानं उघडलेली फाइल दुसऱ्यानं उघडली तरी कोणती बाजू कुठं हे विचारावं लागत नव्हतं, हा तिचा फायदा होता आणि तो खराच होता. भिंतीवर दहा नियमांचा कागद होता, त्यात हा पहिला.

सुलेखा या ऑफिसात आली ती टायपिंगला. बारावी पास, टायपिंगची दोन सर्टिफिकिटं आणि नुकतीच बालवाडीत जायला लागलेली मुलगी, एवढ्या भांडवलावर. सर रिपोर्ट हातानं लिहायचे आणि ती टाइप करायची. करता करता तिच्या लक्षात आलं, की सर सातव्या पानावर जे तापमान लिहितात ते अकराव्या पानावर विसरतात. तिनं भीत भीत विचारलं. सरांनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तिला सॉफ्टवेअरसमोर बसवलं. "नुसती बटणं दाबायची," म्हणाले.

त्या बटणांचं पुढं सोळा वर्षांत काय झालं हे ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होतं. डिग्रीवाले येत, तिच्याशेजारी बसून शिकत आणि पुण्याला जात. ती राहिली. इंटिग्रेशन तिला येत नव्हतं, आणि येत नाही हे ती लपवतही नव्हती. पण उष्णता कुठं पळेल, कुठं अडेल, कुठं साचून बसेल हे तिला आकडे येण्याआधी कळायचं. घरात कुणाचं काय बिनसलंय हे दारातल्या चपलांवरून कळावं, तसं. तरी रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर 'विश्लेषक' असं जे घर असतं त्यात सोळा वर्षांत तिचं नाव कधी आलं नव्हतं. तिथं कधी सरांची सही, कधी त्या वर्षी जो इंजिनिअर असेल त्याची.

या वर्षी आलं. इलेक्ट्रिक रिक्षांच्या मोटरी बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम होतं. तिथल्या क्वालिटीच्या प्रमुख निशा मॅडम. इंजिनिअरची सही नसलेला कागद त्या हातातसुद्धा घेत नाहीत, अशी ख्याती. सर स्वतः त्यांच्याकडं गेले, एकाहत्तराव्या वर्षी, उन्हात. "या बाईंनी केलेलं काम मी इतकी वर्षं माझ्या सहीनं देत आलो," म्हणाले. "आता मला त्याची लाज वाटते." निशा मॅडमनी ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी मेल पाठवली. एक रिपोर्ट सुलेखा वाकळे यांच्या सहीनं चालेल. त्यातला आकडा आमच्या टेस्टशी जुळला तर पुढचे सगळे त्यांच्याच सहीनं घेऊ. नाही जुळला तर नाही.

घरी तिनं नवऱ्याला ती मेल वाचून दाखवली. काकासाहेब सेकंड शिफ्टच्या बसची वेळ बघत डबा बांधत होता.

"म्हंजे पुन्हा परीक्षाच की," तो म्हणाला.

"एकच पेपर आहे."

"एकच आसतो गं. माझाबी एकच होता, तुझ्या बापासमोर. सव्वीस वर्षं झाली, निकाल नाय लागला अजून."

काम सोपं नव्हतं. आजवर या ऑफिसात आलेल्या वस्तू म्हणजे ओतीव लोखंडाच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या. त्यांच्यात उष्णता चारी बाजूंना सारखी पळते; ती किती सहज पळते याचा सॉफ्टवेअरला एक आकडा दिला की झालं. या मोटरीच्या पोटात मात्र सलग लोखंड नव्हतं. पोस्टकार्डाएवढ्या जाडीच्या पत्र्याच्या शे-दोनशे गोल चकत्या एकावर एक रचून, दाबून बसवलेल्या होत्या आणि दर दोन चकत्यांच्या मध्ये वार्निशचा पापुद्रा. अशा रचनेत उष्णता पत्र्यातून कडेला सहज जाते, पण एका चकतीतून दुसरीत जायचं तर दर पापुद्र्याशी अडते.

सुलेखाला हे कळायला पुस्तक लागलं नाही. डब्यात भाकरीची चळत ठेवली की कडा तासाभरात निवतात आणि मधली भाकरी दुपारपर्यंत ऊन राहते. आतली ऊब भाकरीतून भाकरीत चढत-उतरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये अशा वस्तूसाठी एका घराऐवजी तीन घरं असतात, दर दिशेला एक. तिनं दोन दिशांना पंचवीस टाकले आणि चकत्या ज्या दिशेनं रचल्यात त्या दिशेला दीड. दोन आठवडे खपून उत्तर काढलं. तांब्याच्या वाइंडिंगचं जास्तीत जास्त तापमान एकशे बारा अंश. मर्यादा एकशे वीसची. मोटर पास. शेवटच्या पानावर तिनं सही केली, आणि ती जरा वाकडी आली म्हणून ते पान पुन्हा प्रिंट करून पुन्हा केली. दुसरीही वाकडीच आली. तीच पाठवली.

सोमवारी सकाळी अकराला कारखान्याच्या टेस्ट बेंचवरून धम्मपालचा फोन आला. तिथं मोटरी चालवून तापमान मोजायचं काम त्याच्याकडं होतं. तो ठेकेदाराचा माणूस, पण मोजमापाला पक्का.

"ताई, तुमचा आकडा किती होता?"

"एकशे बारा."

"बसल्यात का उभ्या?"

"का रे?"

"बसा मग. आमच्यात एकशे एकोणचाळीस आलाय."

सुलेखा बसलेलीच होती. तिनं आकडा समोरच्या कागदावर लिहिला, त्याभोवती चौकट काढली आणि फोन ठेवून सरांच्या केबिनमध्ये गेली.

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "सेन्सर सैल असणार," ते म्हणाले. "नाहीतर भलत्याच जागी लावलाय. आपलं गणित सत्तावीस अंशांनी चुकत नाही, सुलेखाबाई. आजवर सहाच्या वर चुकलेलं नाही." आणि लगेच कीबोर्ड ओढून पत्र लिहायला घेतलं. टेस्टमध्ये वापरलेल्या सेन्सरच्या जागा व जोडणी सदोष असण्याची दाट शक्यता असून, वगैरे. शुक्रवारी कारखान्यात मीटिंग होती आणि तिच्यात मोटरीचं डिझाइन कायमचं ठरणार होतं. त्याआधी पत्र जायला हवं. खाली विश्लेषक म्हणून सुलेखाची सही.

"मी एकदा बेंचवर जाऊन येते," सुलेखा म्हणाली.

"जा की. सेन्सर कुठं चुकलाय ते नेमकं लिहिता येईल."

बाहेर मनस्विनी उभी होती. वय चोवीस, एम.टेक., या वर्षीची इंजिनिअर. "ताई, पत्र गेलं तर आकडा आपलाच धरतील ना?"

"धरतील बहुतेक."

"मग तुमची सही पक्की."

"व्हय," सुलेखा म्हणाली. "आणि धम्मपालच्या जागी बेंचवर दुसरा कुणी दिसंल."

असं म्हटलं खरं, पण खोटं कशाला बोला, मंगळवारी स्कूटीवरून कारखान्याकडं जाताना सेन्सर सैल निघावा असंच तिला वाटत होतं. माणूस चांगला आहे, त्याला आधी सांगू, तो नीट लावेल, आकडा उतरेल, कुणाचंच नाव खराब होणार नाही. रांजणगावच्या फाट्यापर्यंत तिनं हे सगळं जुळवून ठेवलं होतं.

बेंचवर मोटर गाडीत असते तशीच आडवी बसवलेली होती आणि तिच्यातून पातळ वायरी बाहेर आल्या होत्या. धम्मपालनं पंखा सुलेखाकडं वळवला.

"पत्र लिहिणार म्हणं तुम्ही आमच्यावर?"

"कोण म्हणालं?"

"मनस्विनी मॅडम. इथं कोणते कपल लावलेत ते विचारायला फोन केलता, तवा." तापमान मोजणाऱ्या वायरीच्या सेन्सरला, थर्मोकपलला, तो कपल म्हणायचा. "हे बघा, चार कपल लावलेत. वर एक, खाली एक, दोन कडंला दोन. घड्याळातले बारा, तीन, सहा, नऊ. ओढून बघा."

"राहू दे."

"नाय, ओढाच. नंतर म्हणताल सैल होते."

तिनं ओढून बघितलं. चारही वायरी दाताला चिकटलेल्या चिक्कीसारख्या होत्या. कालच्या टेस्टचे चार आकडे पाटीवर लिहिलेले होते. एकशे एकोणचाळीस, एकशे अडतीस, एकशे सदतीस, पुन्हा एकशे अडतीस.

"चारी बाजू सारख्याच?"

"मोटर गोल हाय ना ताई. सारख्याच यायच्या."

सुलेखानं पर्समधून आपलं चित्र काढलं. वरून, आग्नेयेकडून बघितलेलं, नियमाप्रमाणं. वरची बाजू लाल, एकशे बारा. कडेची बाजू हिरवट, चौऱ्याण्णव. हा फरक तिनं रिपोर्ट करताना बघितला होता, त्यावर विचारही केला होता. गरम हवा वर जाते, म्हणून वरची बाजू जास्त तापते. तसं एक वाक्य नवव्या पानावर लिहिलंही होतं. चांगलं वाक्य होतं. सरांनी त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती, आवडलं म्हणून.

"तुमच्यात वर आन् कडंला एवढा फरक?" धम्मपाल चित्रावर वाकला.

"हवा वर जाते ना."

"बॉडीच्या आत कुठली हवा आलीय एवढी? आन् खाली किती?"

"खाली?"

"ह्याच्या बुडाला. सहा वाजता."

तिला माहीत नव्हतं.

"बघितलं नाय?"

"आम्ही चित्र वरून काढतो."

"नेहमी?"

"नेहमी."

"मग खालून कोण बघतं?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सुलेखानं ऑफिसात फोन लावला. "मनू, रिक्षाच्या मोटरीचं काम उघड. मोटर उलटी फिरव आणि बुडाचा आकडा वाच."

"उलटी? ताई, सरांनी बघितलं तर..."

"वाच गं."

पलीकडं माऊसचा आवाज आला. "एकशे अकरा पॉइंट सहा."

वर एकशे बारा, खाली जवळपास एकशे बारा, दोन्ही कडा चौऱ्याण्णव. गरम हवा वर जाते, ठीक आहे; ती त्याच वेळी खाली जात नाही. सुलेखा बेंचजवळच्या स्टुलावर बसली. गोल मोटरीत उष्णता लांबट पसरलेली, आणि वर-खालीच तेवढी अडलेली. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी पापुद्रे वर-खाली होते. चकत्या जमिनीवर रचाव्यात तशा, खालून वर.

फाइल आली तेव्हा मोटर उभी होती. कारखान्यात चकत्या उभ्याच रचतात, त्यामुळं त्यांचं ड्रॉइंगही उभं. तिनं त्याच दिवशी, हातासरशी, तीन घरांत तीन आकडे भरले होते: खालून वर दीड, बाकी पंचवीस. मग सवयीनं नियम पाळला. मोटर आडवी केली, तोंड पूर्वेला केलं. मोटर फिरली. दिशांचे आकडे जागच्या जागी राहिले. पंपाला आणि भट्टीला चारी दिशा सारख्याच, म्हणून सोळा वर्षांत याचा कधी पत्ता लागला नाही. इथं लागला. तिच्या हिशोबात उष्णता चकत्यांच्या आरपार सुसाट धावत एका टोकाच्या जाड प्लेटीत जाऊन निवत होती. खऱ्या मोटरीत ती रस्ता बंद असल्यामुळं जागेवर बसून वाइंडिंगला भाजत होती.

"तुझे कपल बरोबर आहेत," ती म्हणाली.

"ते मला माहितीये ताई," धम्मपाल म्हणाला. "तुमचं काय?"

बुधवारी सकाळी तिनं दिशा फिरवल्या आणि काम पुन्हा चालवलं. उत्तर यायला चार तास लागले. त्या वेळात तिनं दोन जुनी बिलं फाइलला लावली, घरी फोन करून नळाला पाणी आलं का ते विचारलं (आलं नव्हतं, आठवा दिवस होता), डबा खाल्ला. अडीच वाजता आकडा आला. एकशे छत्तीस. वर, खाली, दोन्ही कडांना सारखा. धम्मपालच्या आकड्यापेक्षा तीन अंश कमी. इतकं बरोबर उत्तर तिनं आजवर क्वचित काढलं होतं.

ती केबिनमध्ये गेली तेव्हा सरांच्या पडद्यावर ते पत्र अजून उघडं होतं.

"सेन्सर?"

"सेन्सर ठीक आहेत, सर. चूक आपल्याकडं आहे."

तिनं सांगितलं. सर ऐकत गेले, आणि मध्येच त्यांची नजर भिंतीवरच्या कागदाकडं गेली, ती तिनं बघितली.

"म्हणजे पूर्वेमुळं," ते म्हणाले.

"पूर्वेमुळं नाही. मोटर फिरवली, आतलं लोखंड फिरवलं नाही. ते मी फिरवायला पाहिजे होतं."

"नियम कुणाचा?"

"नियमात कुठं लिहिलंय की डोळे झाकून फिरवा?"

सर एकदम कामाला लागल्यासारखे सरसावले. "असं करू या. दुरुस्त रिपोर्ट पाठवू. त्यात लिहू, की मटेरियलची माहिती गिऱ्हाइकाकडून उशिरा मिळाल्यामुळं सुधारित गणित केलंय. यात खोटंही फारसं नाही, त्यांनी ती दोन दिवस उशिराच दिली होती. तुमचा पहिला आकडा चुकला असं मग राहत नाही."

"दोन दिवस उशिरा दिली, पण काम सुरू करायच्या आधी दिली."

"अहो, ते कोण विचारतंय?"

"निशा मॅडम विचारतील."

"मग माझ्या सहीनं जाऊ दे. चूक माझ्या नावावर. माझं आता काय जाणार आहे?"

हे ते अगदी सहज म्हणाले, पाण्याचा ग्लास पुढं सरकवावा तसं. सुलेखाला एकदम भरून आलं आणि त्याच वेळी त्यांचा थोडा रागही आला. सोळा वर्षं बरोबर आलेल्या उत्तरांवर सही त्यांची होती. आता पहिलं चुकलेलं उत्तरही तेच घेऊन जायला निघाले होते.

"सर, एकच तर रिपोर्ट आहे माझ्या सहीचा," ती म्हणाली. "तो माझ्याकडंच राहू द्या."

दुरुस्तीच्या रिपोर्टात पहिल्या पानावर कारण लिहायचं होतं. तिनं आधी दीड पान लिहिलं. त्यात सॉफ्टवेअरचा स्वभाव होता, ऑफिसची पद्धत होती, इतर ठिकाणी असं कसं सर्रास होतं तेही होतं. मनस्विनीनं वाचून "छान झालंय, ताई" म्हटलं, आणि तेव्हाच सुलेखाला कळलं की हे चालणार नाही. दीड पान गेलं. राहिल्या चार ओळी. मोटर आडवी करताना मी चकत्यांची दिशा फिरवली नाही. त्यामुळं उष्णता चुकीच्या दिशेनं सहज जाते असं धरलं गेलं. दुरुस्त आकडा एकशे छत्तीस. या डिझाइनमध्ये मोटर पास होत नाही. खाली सही.

शुक्रवारी मीटिंगला सर आणि ती दोघं गेले. निशा मॅडमनी चार ओळी दोनदा वाचल्या. पन्नाशीच्या आसपासची बाई, केस आखूड, समोर साखर नसलेला चहा.

"वाकळे मॅडम, तुम्हाला कळलं कसं?"

"तुमच्या धम्मपालनं विचारलं, बुडाला किती आहे. मी बघितलं नव्हतं."

"का नव्हतं बघितलं?"

"वरच्या बाजूचं कारण सापडलं होतं. पटण्यासारखं होतं. मग खाली बघायची गरज वाटली नाही."

निशा मॅडमनी मान हलवली. त्यात कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. "डिझाइन थांबवू या," त्या शेजारच्या माणसाला म्हणाल्या. "उष्णता बाहेर टाकायला बॉडीला बाहेरून पंख वाढवा, पुन्हा गणित, पुन्हा टेस्ट. ओतकामाच्या डायची ऑर्डर आज देऊ नका." मग सुलेखाकडं वळल्या. "आजची ऑर्डर गेली असती तर मोठं नुकसान होतं. ते तुम्ही वाचवलंत. आणि आपलं जे ठरलं होतं ते असं, की पहिला आकडा जुळायला पाहिजे."

"हो."

"तो जुळला नाही."

"नाही जुळला."

सर काहीतरी बोलायला पुढं झुकले. सुलेखानं टेबलाखाली त्यांच्या बाहीला हलकेच हात लावला, आणि ते थांबले.

"पुढचे रिपोर्ट इंजिनिअरच्या सहीनं द्या," निशा मॅडम म्हणाल्या. "हा दुरुस्तीचा मात्र तुमच्या सहीनंच फाइलला लागेल. चुकलेलाही आणि हाही. दोन्ही शेजारी शेजारी." मग त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

चहा घेतला. चांगला होता, साखर होती.

परतताना सर गाडी चालवत होते. नगर नाक्याच्या सिग्नलला ते म्हणाले, "कठोर बाई आहे."

"ठरल्याप्रमाणं वागली."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," सुलेखा म्हणाली. "सिग्नल सुटला, सर."

शनिवारी भिंतीवरच्या कागदात, पहिल्या आणि दुसऱ्या नियमाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, सरांच्या बारीक अक्षरात एक ओळ आलेली दिसली. 'तोंड फिरवताना आतल्या दिशा फिरल्या का ते तपासावे.' पूर्व तशीच होती. मनस्विनीनं त्याचा फोटो काढला. सुलेखानं हातातलं काम सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात पंख वाढवलेल्या मोटरीची फाइल आली. तिनं आधी मोटर फिरवली, मग आकडे भरले, मग एका टोकाला खोटीच उष्णता लावून ती कुठल्या बाजूनं वाहते ते बघितलं, मग खरी लावली. उत्तर आलं एकशे सोळा. तिनं ते वरून वाचलं, खालून वाचलं, दोन्ही कडांनी वाचलं. शेवटच्या पानावर मनस्विनीनं सही केली. ती करताना तिचं तोंड असं झालं होतं, की कुणी बघितलं असतं तर शिक्षा चाललीय वाटलं असतं.

"ताई, हे बरोबर नाही," ती म्हणाली. "सगळं तुम्ही केलंय."

"तुझी सही सरळ आली बघ," सुलेखा म्हणाली.

तीन आठवड्यांनी धम्मपालचा फोन आला. दुपारची वेळ होती, बाहेर बेचाळीसच्या वर पारा, ऑफिसातला कूलर नुसता आवाज करत होता.

"ताई, एकशे अठरा. तुमचा?"

"सोळा."

"लई जवळ आलं. पास मोटर." मागं बेंचचा पंखा घरघरत होता. "सही कुणाची हाय ह्या खेपेला?"

"मनस्विनीची. पुढच्या पण तिच्याच."

"असं." तो म्हणाला. "मग पुढं कधी चुकलं तर मी फोन कुणाला लावायचा?"

"मलाच लाव."

"व्हय," धम्मपाल म्हणाला. "तेच विचारत होतो. बरं, लिहून घ्या, चारी आकडे सांगतो."

सुलेखानं कागद पुढं ओढला.